त्या दिवशी दहा होते

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या थोरल्या भावाला प्रार्थनाघरातली मंडळी पाठीमागे मुकादम म्हणायची. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. नाव मात्र माप घेऊन शिवल्यासारखं बसलं होतं. रोज सकाळी सहाला छापखान्याच्या वरच्या त्या लांबट खोलीचं कुलूप काढायचा तो, दिवे लावायचा तो, बाकांवरची धूळ झटकायचा तो. आणि मग दाराशी उभं राहून कोण आलं, कोण नाही आलं, कोण उशिरा आलं आणि कोण मागच्या बाकावर जांभया देतंय, हे टिपून ठेवायचाही तोच. यासाठी त्याला कोणी नेमलं नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस काही माणसांना जन्मतःच असते, तशी त्याला होती.

हजेरीला कारणही होतं म्हणा. ज्यू लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ विद्वान जमले तरी गाडं अडतं, दहा हमाल जमले की चालू लागतं. मेलेल्या आईबापासाठी मुलगा जी प्रार्थना म्हणतो, जिला कद्दीश म्हणतात, तीसुद्धा दहा असल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि गंमत अशी की हे दहा मोजायचे तर आहेत, पण आकड्यांनी मोजायचे नाहीत. पोती मोजावीत, मेंढरं मोजावीत, माणसं मोजू नयेत, असा जुना संकेत. म्हणून एक दहा शब्दांची प्रार्थनेची ओळ ठरलेली असते. एकेका माणसाकडे बघायचं आणि एकेक शब्द म्हणायचा. देवा, आपल्या लोकांना तार, त्यांना सांभाळ, असं त्या ओळीत काहीसं मागितलेलं आहे. मूळ भाषेत तिचा नववा शब्द आहे 'पर्यंत' आणि दहावा 'सर्वकाळ'. नऊच माणसं असली की ओळ 'पर्यंत'वर लोंबकळत राहायची आणि मुकादम जिन्याकडे डोळे लावून बसायचा.

दुकानातही तो तसाच. खालच्या गल्लीत त्याचं दोन खणांचं दुकान होतं. भिंतीला पट्टे टांगलेले, काचेच्या बरण्यांत सुया, बॉबिन आणि स्क्रू, टेबलावर मशीन उघडं पडलेलं आणि त्याच्या पोटात हात घालून बसलेला हा. बाया तक्रार घेऊन यायच्या, मशीन टाके सोडतंय. हा मशीनकडे न बघता विचारायचा, "सुई कधी बदलली होती?" दहांत आठ वेळा सुईच वाकलेली निघायची, आणि मग ती बदलताना तो त्या बाईला असं काही ऐकवायचा की पुढच्या वेळी ती नवऱ्याला पाठवायची. हात मात्र सोन्याचा. शटलचं आणि सुईचं गणित केसभर चुकलं असलं तरी त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. शुक्रवारी सूर्य कलायच्या आत फळी लावून दुकान बंद. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ज्या दिवशी कसलंही काम करायचं नसतं, राजा आला असता तरी त्याने फळी काढली नसती. या दुकानाला शब्बाथ आहे, हे त्या भागातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

आणि त्याचा धाकटा भाऊ शनिवारी बस चालवायचा.

चोरून नाही, राजरोस. प्रार्थनाघर होतं त्याच रस्त्यावरून त्याची गाडी जायची. आत शब्बाथची प्रार्थना चाललेली असायची आणि खालून ती भलीमोठी गाडी खिडक्यांच्या काचा थरथरवत निघून जायची. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायची नाहीत आणि मुकादमाकडे तर मुळीच नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की इतर दिवशी त्या वळणावर कर्कश भोंगा मारणारा धाकटा शनिवारी तिथे भोंगा वाजवत नसे. मुकादमाच्याही लक्षात आलं होतं, पण त्याने ते जमेला धरलं नाही. कोणी नव्या माणसाने विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे ना एक?" तर तो म्हणायचा, "आहे." पुढे पूर्णविराम.

धाकटा तसा गोड माणूस. देवाशी त्याचं भांडण नव्हतं, फारसं येणंजाणंही नव्हतं. तो विनोद करायचा, "दादा देवाला एवढं सांभाळतो की माझ्या वाटची काळजी मिटली." शुक्रवारी संध्याकाळी घरी असला तर बायकोने लावलेल्या शब्बाथच्या दिव्यांसमोर दोन मिनिटं उभा राहायचा, नसला तर नाही. वर्षाकाठी एकदोनदा प्रार्थनाघरात यायचा, ओळी चुकवायचा, भलत्या ठिकाणी उभा राहायचा आणि शेजारच्याला कोपरखळी मारून पान कितवं ते विचारायचा.

मग त्यांचे वडील वारले. अकरा महिने रोज मुकादमाने कद्दीश म्हटलं, एक दिवस चुकवला नाही. धाकटा सुरुवातीचे काही दिवस आला आणि मग पाळ्यांच्या चक्रात सापडला. पण वडील जाताना त्याला म्हणाले होते, "बाकी राहू दे. वर्षाच्या दिवशी तरी दादाजवळ उभा राहा." आणि वर्षाच्या दिवशी, एका कामाच्या सकाळी, तो खरोखर आला. गाडीवर जायचा गणवेश अंगात होता, दाढी गुळगुळीत केलेली, नखांतलं काळं ब्रशने घासून काढलेलं. कपाटातली कोणाचीतरी जादा प्रार्थनेची शाल त्याने खांद्यावर घेतली आणि दादाच्या मागच्या बाकावर जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. म्हातारे गुरुजी, ज्यांचा शब्द त्या प्रार्थनाघरात सगळ्या बाबतींत शेवटचा असे, ते मांडीचं हाड मोडून घरी पडले होते. चष्मेवाला आला, छापखानेवाला आला, दोघे शिक्षक आले, हळूहळू बाक भरले. मुकादमाने मोजायला सुरुवात केली. एकेका चेहऱ्याकडे बघत, ओठांतल्या ओठांत एकेक शब्द. शेवटी स्वतःला धरून नववा शब्द झाला. मग त्याची नजर धाकट्यावर गेली आणि तशीच पुढे सरकून जिन्याकडे गेली.

सगळे थांबले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. छापखानेवाल्याने घड्याळ बघितलं. खाली यंत्रं सुरू झाली आणि फरशी हलकी हलकी हादरू लागली. धाकट्याला वाटलं, दादाची काहीतरी गफलत होतेय. त्याने आपलं सरळ बोट काढलं आणि बसमधली माणसं मोजावीत तसं मोजलं. "सात, आठ, नऊ, आणि मी दहा. झाले की दादा."

"अजून एक यायचाय," मुकादम म्हणाला.

"कोण?"

"कोणीतरी येईल."

"अरे पण दहा आहेत."

मुकादमाने त्याच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात सांगितलं, "तू शनिवारी गाडी चालवतोस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. चष्मेवाल्याने घसा खाकरला, म्हणजे त्याला काहीतरी म्हणायचं होतं. पण मुकादमाने नुसती मान वळवली आणि त्याने ते शब्द तसेच गिळले. तिथे एकही माणूस वाईट नव्हता. सगळे फक्त भित्रे होते, आणि मुकादम शिकलेला होता. चार वर्षं धर्माच्या शाळेत राहून आलेला. जो उघडपणे शब्बाथ मोडतो त्याला दहांत धरायचं नाही, हे तो तिथे शिकला होता. आपल्याच बापाच्या दिवशी, आपल्याच भावाच्या बाबतीत आपण नियमाला ढळू दिलं नाही, याचा त्याला त्या क्षणी थोडा अभिमानही वाटला. हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं, म्हणून लिहितो.

धाकट्याला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. तो म्हणाला, "बरं." शाल काढली, तिची घडी घातली, घडी वाकडी झाली म्हणून उलगडून पुन्हा घातली आणि बाकावर ठेवून दिली. "माझी गाडी आठला सुटते," एवढं बोलून जिना उतरला. दहावं माणूस शेवटपर्यंत आलं नाही. साडेआठला छापखानेवाला खाली गेला, शिक्षक शाळेत गेले, आणि त्या दिवशी वडिलांच्या नावाने कद्दीश झालं नाही. अकरा महिने एक दिवस न चुकवणाऱ्याने वर्षाचाच दिवस चुकवला.

दुपारी मुकादम गुरुजींकडे गेला. गुरुजी पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते. मोडलेल्या पायाने त्यांना जेरीला आणलं होतं, म्हणून आवाजात आधीच धार होती. मुकादमाने सगळं सांगितलं. कसं सांगितलं? शाबासकी मिळेल या बेताने.

गुरुजी म्हणाले, "कोणाला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? नियम आहे ना, गुरुजी?"

"आहे. कोणासाठी आहे? जो तोंडावर थुंकून जातो त्याच्यासाठी आहे. तुझा भाऊ तर तोंड धुऊन आला होता."

गुरुजींनी पाण्याचा पेला मागितला, दोन घोट घेतले. "जाणती माणसं असंही सांगून गेलीत," ते म्हणाले, "की एखादं पोर लहानपणीच कोणी पळवून नेलं आणि ते परक्यांत वाढलं, तर मोठेपणी त्याला धर्म येत नाही म्हणून दोष द्यायचा नाही. आजकालची बहुतेक माणसं त्यातलीच समजायची. हात धरून जवळ घ्यायची."

इथे मुकादमाला धागा सापडल्यासारखं वाटलं. "पण त्याला कोणी पळवलंय? तो तर आमच्याच घरात वाढला. एका ताटात जेवलो आम्ही."

"तेच तर मी विचारतोय. तुमच्याच घरातून त्याला नेलं. कोणी नेलं? आणि तू तेव्हा काय करत होतास?"

"मी शिकत होतो."

"काय शिकत होतास?"

मुकादमाने उत्तर दिलं नाही. कारण उत्तर 'धर्म' असं होतं.

गोष्ट जुनी होती आणि गुरुजींना ती पहिल्यापासून माहीत होती. वडिलांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा थोरला वीस वर्षांचा होता, धाकटा सतरा. त्यांचं मशीनदुरुस्तीचं दुकान बंद पडलं. थोरल्याला धर्माच्या शाळेत जागा मिळाली होती आणि घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की हा हुशार आहे, याचं शिक्षण मोडायचं नाही. मग कोणीतरी कमवायला हवं. धाकट्याला बसच्या आगारात गाड्या धुवायला आणि चाकं बदलायला लावलं. आगाराला शनिवारची सुट्टी नव्हती. पहिल्या शनिवारी सकाळी आई त्याला डबा देताना रडली आणि वडील म्हणाले, पोटासाठी आहे, देव समजून घेईल. देवाने काय केलं ते कोणी सांगावं, पण थोरल्याने समजून घेतलं नाही. चार वर्षं त्याने परगावी बसून शब्बाथचे बारीकसारीक नियम तोंडपाठ केले, आणि त्या चार वर्षांतला त्याचा प्रत्येक घास धाकट्याच्या शनिवारांतून आला होता. तो शिकून परतला, दुकान पुन्हा उघडलं, फळीवर शनिवारी बंद अशी पाटी लावली. तोवर धाकट्याच्या हातात गाडीचं चाक आलं होतं. सवय मोडली की ओढही हळूहळू मोडते. 'तू आता शनिवार सोड, मी आहे ना,' असं त्याला तेव्हा कोणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणणार कोण? थोरलाच. तो म्हणाला नाही. त्याला सुचलंच नाही, आणि हे सगळ्यांत वाईट.

पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या बसल्या हे सगळं मुकादमाच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याला ठाऊक नव्हतं असं यातलं काहीच नव्हतं. त्याने फक्त ते कधी एका ओळीत मांडून बघितलं नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग? त्याला सांग. आणि माफ कर, विसर, झालं गेलं, असलं गोलमाल काही नको. सरळ एवढंच सांग, त्या दिवशी दहा होते. तेवढं त्याला कळायला पाहिजे. बाकी त्याचं तो बघेल."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो, गुरुजी."

चार शब्दांचं वाक्य. मशीनचं सगळं पोट उघडून अर्ध्या तासात पुन्हा जोडणाऱ्या माणसाला ते चार शब्द जोडता आले नाहीत. आधी त्याने ठरवलं, त्याच्या घरी जाऊन सांगू. मग वाटलं, भावजयीसमोर कसं बोलायचं? मग ठरवलं, दुकानात बोलावू. मग वाटलं, थोरल्याने बोलावलं की धाकट्याला वाटेल काहीतरी ऐकवायचंय. बायकोने एकदा विचारलं, "भाऊजींकडे गेला होतात का?" तर म्हणाला, "जाणार आहे." ती म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तुमचा," आणि आत निघून गेली. तिचं चुकलं. पीळ केव्हाच जळला होता. उरली होती ती नुसती लाज, आणि लाजेला पिळापेक्षा जास्त चिकाटी असते.

एका मंगळवारी दुकान बायकोवर सोपवून तो सरळ धाकट्याच्या बसमध्येच चढला. चालकाच्या मागच्या बाकावर बसला. धाकट्याने आरशातून बघितलं, भुवया उचलल्या आणि गाडी काढली. त्याच्या डोक्यावर पाटी होती: 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' मुकादम नियमाचा माणूस. शेवटच्या थांब्यापर्यंत, पाऊण तास, तो तोंड मिटून बसला. गाडी रिकामी झाली, इंजिन बंद झालं, धाकटा मागे वळून म्हणाला, "काय दादा? सगळं ठीक?"

"हो हो," मुकादम म्हणाला. "तुझ्याकडचं मशीन टाके सोडत होतं ना मागे? म्हटलं, पाठवून दे. बघतो."

"ते तू गेल्या वर्षीच केलंस की."

"अच्छा. मग चांगलं चाललंय?"

"झकास चाललंय."

तो त्याच गाडीने परत आला, पुन्हा पाऊण तास, त्याच पाटीखाली.

धाकटा आता प्रार्थनाघरात येत नव्हता. वर्षातून एकदोनदा यायचा, तेही बंद. भेटला की हसायचा, तब्येत विचारायचा, पुतण्यांना गोळ्या द्यायचा. कोणी म्हटलं असतं की या भावांत काही बिघडलंय, तर ऐकणाऱ्याला खरं वाटलं नसतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. इथे मिटवायला काही वर आलेलंच नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली. गुरुजींकडे गेला की ते पहिला प्रश्न तोच विचारायचे, "सांगितलंस?" पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं, नुसतं बघायचे. मग एका गुरुवारी सकाळी गुरुजी गेले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मृत्यूनंतर सात दिवस घरी सुतक पाळायचं, तिथेच सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करायची, असा प्रघात. कद्दीश म्हणायची जबाबदारी मुकादमाने घेतली. पण मंडळी आता विरळ झाली होती. एक शिक्षक बदलून गेला होता, चष्मेवाल्याला जिने चढवत नव्हते. पहिल्याच संध्याकाळी मुकादमाने गुरुजींच्या बैठकीच्या खोलीत मोजलं आणि ओळ 'पर्यंत'वर येऊन थांबली. त्याने टोपी सारखी केली, बाहेर पडला आणि तीन गल्ल्या जवळजवळ पळत धाकट्याच्या घरी पोचला. धाकटा नुकताच कामावरून येऊन ताटावर बसला होता.

"गुरुजींकडे चल," मुकादम धापा टाकत म्हणाला. "एक कमी पडतोय."

धाकट्याने घास खाली ठेवला. रागावला नाही. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, जसं उतारूला विचारावं की कुठे उतरायचंय. "दादा, दहावा पाहिजे की मी पाहिजे?"

याच क्षणासाठी मुकादम तीन वर्षं बसमध्ये, दुकानात, अंथरुणात पडल्या पडल्या तयारी करत होता. दार उघडून समोर ठेवलं होतं, फक्त पाऊल टाकायचं होतं. पण तिकडे आठ माणसं खोळंबली होती आणि सूर्य चालला होता. तो म्हणाला, "चल, वेळ होतोय."

धाकटा उठला, हात धुतले, चूळ भरली आणि आला.

आणि येत राहिला. सकाळी पाळीला जायच्या आधी, संध्याकाळी पाळीवरून आल्यावर. मधल्या शनिवारी तो नेहमीसारखा गाडीवर होता. त्याने ते लपवलं नाही आणि कोणी विचारलं नाही. रविवारी पुन्हा हजर. मुकादम रोज मोजायचा आणि धाकट्यापाशी आल्यावर दहावा शब्द म्हणायचा. म्हणताना त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही, छातीवरच्या गणवेशाच्या बटणांकडे बघायचा. धाकट्याने कद्दीशला 'आमेन' मात्र सगळ्यांच्या आधी आणि मोठ्याने म्हटलं. दोनदा तर चुकीच्या जागी म्हटलं.

मुकादमाने मनाशी ठरवलं होतं, सातवा दिवस. सात दिवस पूर्ण झाले की सांगायचं. मधेच सांगितलं तर त्याला वाटेल, दहावा टिकून राहावा म्हणून गोड बोलतोय. गरज संपल्यावर सांगितलं की त्यात स्वार्थ राहणार नाही. कागदावर हा विचार बिनतोड होता. त्याचे सगळेच विचार कागदावर बिनतोड असायचे.

सातव्या दिवशी सकाळी प्रार्थना संपली, सुतक उठलं. माणसं आपापल्या वाटेने गेली. जिन्यात दोघेच भाऊ उरले. धाकटा खालच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. मुकादम दोन पायऱ्या वर, कठड्याला धरून. त्याने तोंड उघडलं.

त्याआधीच धाकट्याने, नाडीवरून नजर न उचलता, विचारलं, "उद्या लागणार नाही ना मी?"

मुकादमाला आयुष्यभर एकच सवय. विचारलं असेल तेवढं आणि खरं असेल तेच सांगायचं. "नाही," तो म्हणाला. "उद्या नाही लागणार."

धाकट्याने मान डोलावली, उठला, पँटचा मागचा भाग झटकला. "बरं. येतो, दादा." आणि गेला. मुकादम कठड्याला धरून तिथेच उभा राहिला. आपण काय बोललो हे त्याला धाकटा कोपऱ्यावरून वळल्यावर कळलं. हाक मारता आली असती. त्याने मारली नाही.

त्यानंतर त्याने बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गरज सरो आणि वैद्य मरो, असंच वाटलं असेल त्यांना. अजून जा. आत्ता जा." तो गेला नाही. पुढच्या वर्षी धाकट्याची बदली लांबच्या शहरातल्या आगारात झाली. फोनवर बोलणं व्हायचं. "काय, बरं?" "बरं. तुझं?" "बरं." असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, हा मुकादमाचा नवा नियम. वर्षं अशी सरतात की मोजायला शब्दही पुरत नाहीत.

धाकटा निवृत्त झाला त्याच वर्षी गेला. अंघोळीला म्हणून उठला आणि दारातच कोसळला. ज्यू लोकांत दफन लांबवत नाहीत; मुकादम गाड्या बदलत पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. भावजय सुतकाच्या रिवाजाप्रमाणे जमिनीलगतच्या बैठ्या स्टुलावर बसली होती. मुकादम पासष्टीला टेकलेला, त्याला तितकं खाली बसता येईना. तो जवळच्या खुर्चीवर टेकला, टोपी उगाच सारखी केली. मग, कोणीतरी येऊन बसेल आणि पुन्हा राहून जाईल या भीतीने, त्याने ते वाक्य म्हटलं. इतकी वर्षं घोकलेलं, जसंच्या तसं.

"त्या दिवशी दहा होते."

भावजयीने वर बघितलं. "कसले दहा, भावोजी?"

"बाबांच्या वर्षाच्या दिवशी. प्रार्थनाघरात. त्याने सांगितलं असेल तुला."

"नाही बाई. ते तर म्हणायचे, माझ्यामुळेच बाबांची प्रार्थना राहिली." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगत होती. "म्हणायचे, मी तिथे गेलोच नसतो तर दादाने दुसऱ्या कोणालातरी बोलावून आणलं असतं, मी गेलो आणि गोंधळ झाला. वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती, तीही माझ्याने झाली नाही. दर वर्षी ती तारीख आली की दिवसभर गप्प असायचे. मी म्हणायचे, अहो, असा कसला गोंधळ झाला? ते सांगायचे नाहीत. शेवटच्या वर्षीसुद्धा तसंच."

मुकादमाला वाटत आलं होतं की धाकटा आपल्यावर रुसलाय, आणि त्या रुसव्याचा आधार होता त्याला. रुसलेल्या माणसाचं निदान एवढं तरी असतं की चूक कोणाची ते त्याला माहीत असतं.

"तो धरून दहा होते," तो कसाबसा म्हणाला. "तो आला होता म्हणून दहा होते. मीच त्याला मोजलं नाही. त्याच्यामुळे काही राहिलं नाही. माझ्यामुळे राहिलं."

भावजयीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त एकेक शब्द जागेवर लावून बघत होती.

"हे त्यांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही," मुकादम म्हणाला. "सांगायचं राहिलं."